कोच चांगला, की ड्रॉ सोपा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं की कॉलेजांच्या जिमखान्यात दोन कामं एकदम निघतात: फुटबॉल संघाची निवड आणि कोचचा हिशेब. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी दुसऱ्या कामाबद्दल आहेत. त्यातली आठ निवडली आहेत. काही उत्तरांत थोडं गणित आहे, पण ते दहावीच्या पलीकडचं नाही. कागद-पेन्सिल घेऊन वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

आमच्या कोचचा करार संपतोय. गेल्या मोसमात संघ १४ सामने खेळला: ७ विजय, २ बरोबरी, ५ पराभव. त्याआधीच्या मोसमात १४ पैकी ४ विजय, ३ बरोबरी, ७ पराभव होते. समितीतले निम्मे म्हणतात, विजयाचं प्रमाण २९ टक्क्यांवरून ५० वर गेलं, मानधन वाढवा. उरलेले म्हणतात, पन्नास टक्के म्हणजे काठावर पास, नवा माणूस बघा. बरोबर कोण?
— क्रीडा समितीचे एक सदस्य, विलेपार्ले

दोन्ही बाजूंची घाई होते आहे. आधी विजयाचं प्रमाण बाजूला ठेवा, कारण त्यात बरोबरी आणि पराभव एकाच मापाने मोजले जातात. तगड्या संघाला ०-० वर रोखणं हे कोचचं काम असतं, त्याची किंमत शून्य धरून चालणार नाही. विजयाला ३, बरोबरीला १ असे गुण लावा आणि दर सामन्यामागे सरासरी काढा. गेल्या मोसमात २३ गुण, म्हणजे सामन्यामागे १.६४. त्याआधी १५ गुण, म्हणजे १.०७. फरक ०.५७ चा.

आता हा फरक खरा किती आणि नशिबाचा किती, ते पाहू. प्रत्येक सामन्याच्या गुणांचा वर्ग घ्या: विजयाला ९, बरोबरीला १, पराभवाला ०. गेल्या मोसमासाठी ७ गुणिले ९ अधिक २, म्हणजे ६५. त्याला १४ ने भागलं की ४.६४. त्यातून सरासरीचा वर्ग, २.७०, वजा केला की १.९४ उरतात आणि त्याचं वर्गमूळ साधारण १.३९. एकेका सामन्याचे गुण सरासरीपासून एवढे वरखाली होतात. १४ सामन्यांच्या सरासरीतली अनिश्चितता काढायला १.३९ ला १४ च्या वर्गमूळाने, म्हणजे ३.७४ ने भागा: ०.३७. ढोबळपणे याच्या दुप्पट इकडे, दुप्पट तिकडे. म्हणजे या संघाची खरी पातळी ०.९ पासून २.४ पर्यंत कुठेही असू शकते. एका टोकाला सामान्य संघ, दुसऱ्या टोकाला विजेतेपदाचा दावेदार. चौदा सामन्यांतून एवढंच कळतं.

ज्यांना वर्गमूळं नको वाटतात त्यांनी चिठ्ठ्यांचा प्रयोग करावा. समितीच्या बैठकीतच करा, त्याने वाद फार लवकर मिटतात. दोन्ही मोसमांचे २८ निकाल २८ चिठ्ठ्यांवर लिहा: ११ विजय, ५ बरोबरी, १२ पराभव. चिठ्ठ्या डब्यात घालून हलवा, डोळे मिटून १४ काढा आणि गुण मोजा. असं शंभर-दीडशे वेळा करा. काढलेल्या ढिगात २३ किंवा जास्त गुण साधारण सहा खेपांतून एकदा येतात. म्हणजे कोचने काहीही सुधारलं नसतं, तरी सहातून एकदा एवढी 'सुधारणा' आपोआप दिसली असती. एवढ्या पुराव्यावर मानधन वाढवू नये आणि माणूसही काढू नये.

तरी एक आकडा हवाच असेल तर संघाच्या खऱ्या निकालांत दहा काल्पनिक सरासरी सामने मिसळा. बरोबरीत सुटणाऱ्या सामन्यांचं प्रमाण पाचात एक धरलं तर स्पर्धेची सरासरी सामन्यामागे १.४ गुण येते, म्हणून दहा सामन्यांचे १४ गुण. गेला मोसम: २३ अधिक १४ भागिले २४, म्हणजे १.५४. आधीचा: १५ अधिक १४ भागिले २४, म्हणजे १.२१. सुधारणा आहे, पण ०.५७ ऐवजी ०.३३ ची. दहा हा आकडा अंगठ्याचा नियम आहे. तुमच्या स्पर्धेत संघांमधली दरी मोठी असेल, ५-० आणि ६-० असे निकाल नेहमीचे असतील, तर पाच-सहा सामने मिसळले तरी पुरे.

आमचं मत विचाराल तर करार एक वर्षाने वाढवा, मानधनाचा विजयांशी संबंध जोडू नका आणि त्या वर्षात खाली सांगितलेल्या नोंदी ठेवा.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची. आम्ही उपांत्य फेरीत हरलो, शेजारचं कॉलेज दुसऱ्याच फेरीत. तरी आमचे खेळाडूच म्हणतात की त्यांचे कोच सरस आहेत. आकडे काय सांगतील?
— टी.वाय.चा विद्यार्थी, घाटकोपर

बाद फेरीचे आकडे सरळ वाचले तर हमखास फसवतात. ३२ संघांच्या स्पर्धेत १६ संघ एकच सामना खेळून घरी जातात. उपांत्य फेरीत हरलेल्या संघाच्या नावावर ३ विजय, १ पराभव, म्हणजे ७५ टक्के. पण त्या तीन विजयांतला एक पुढे चाल मिळून आलेला असेल, एक टायब्रेकरवर आणि एक कशाबशा अकरा मुलांना घेऊन आलेल्या संघावर, तर ७५ टक्क्यांना काय अर्थ राहिला?

म्हणून मोजण्याआधी यादी साफ करा. पुढे चाल मिळालेले सामने पूर्ण काढून टाका. टायब्रेकरवर सुटलेला सामना बरोबरीत धरा आणि गोल खेळ संपल्याच्या वेळचे घ्या. पाच पेनल्टींच्या निकालावरून कोच जोखायचा नसतो. गोलफरकाला ३ ची मर्यादा घाला: ७-० जिंकलात तरी ३ च. चार गोलांची आघाडी झाली की शहाणा कोच मुख्य खेळाडू बाहेर काढतो, पुढचे गोल संघाच्या ताकदीबद्दल फारसं काही सांगत नाहीत.

मग प्रतिस्पर्ध्यांचं वजन. स्पर्धेतल्या प्रत्येक संघाचा सरासरी गोलफरक काढा, ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीत प्रत्येक संघाच्या आकड्यात त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या आकड्यांची सरासरी मिळवा. उदाहरणार्थ, तुमचा सरासरी गोलफरक अधिक ०.८, पण प्रतिस्पर्ध्यांची सरासरी उणे ०.५, तर तुमचा आकडा ०.३. शेजाऱ्यांचा गोलफरक फक्त अधिक ०.२, पण प्रतिस्पर्ध्यांची सरासरी अधिक ०.६, तर त्यांचा ०.८. तुमचे मित्र जे डोळ्यांनी बघून म्हणतात, ते असं कागदावर उतरतं. प्रतिस्पर्ध्यांचे आकडेही आता बदलले, म्हणून मूळ गोलफरक तोच ठेवून त्यात नव्या सरासऱ्या मिळवा, आणि दुसरा दशांश स्थिर होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करा. स्प्रेडशीटवर दहा-पंधरा फेऱ्या पाच मिनिटांचं काम आहे, बाद फेरीच्या मोसमात मात्र जास्त लागतात.

इथे दोन अडचणी नेहमी येतात. पहिली, काही वेळा आकडे स्थिर न होता एकाआड एक वर-खाली उड्या मारत राहतात. संघांचे दोन गट पडून प्रत्येक सामना या गटातला विरुद्ध त्या गटातला असाच झाला असेल तर असं होतं, आणि एकट्या बाद स्पर्धेत ते होतंच. उपाय सोपा आहे: प्रत्येक फेरीत जुना आकडा अर्धा आणि नवा अर्धा घ्या. दुसरी, दोन संघांना जोडणारी सामन्यांची साखळीच नसेल तर त्यांची तुलना होऊच शकत नाही. अशा वेळी त्याच मोसमातली दुसरी एखादी स्पर्धा जोडून घ्या. मित्रत्वाचे सामने मात्र घेऊ नका, त्यात दोन्हीकडचे कोच प्रयोग करत असतात.

आणि एवढं करूनही तुमच्या हातात चार सामने आहेत. वरच्या उत्तरातली अनिश्चितता इथे जवळजवळ दुप्पट होते, म्हणून दोन-तीन वर्षांच्या स्पर्धा एकत्र केल्याशिवाय 'सरस' हा शब्द वापरू नका.

आमच्याकडे कॅमेरा नाही, सॉफ्टवेअर नाही. नेव्हिल डिसोझा मैदानाच्या कडेला बसून दोन विद्यार्थी कागदावर नोंदी ठेवू शकतील. नेमकं काय टिपावं?
— संघाची स्वयंसेवक स्कोअरर, वांद्रे

हा या वेळचा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. फक्त शॉट टिपा. पास, टॅकल, चेंडूचा ताबा हे सगळं टिपायला गेलात तर दुसऱ्या हाफमध्ये हात थकतात आणि अर्धवट नोंद ही नोंद नसल्यापेक्षा वाईट.

प्रत्येक शॉटला एक ओळ आणि ओळीत सात रकाने: मिनिट, कोणाचा संघ, जागा, पायाने की डोक्याने, कशातून आला (चालू खेळ, कॉर्नर, फ्री किक, पेनल्टी), त्या क्षणी स्कोअर काय होता आणि शेवटी निकाल: गोल, गोलकीपरने अडवला, बाहेर, की वाटेत बचावपटूला लागला. निकालाचा रकाना मुद्दाम शेवटी ठेवा. गोल झाला की शॉट होता त्यापेक्षा जवळून मारल्यासारखा वाटतो, म्हणून जागा आधी लिहायची. वाटेत अडलेला शॉटही शॉटच. भरकटत गोलपोस्टकडे गेलेला क्रॉस धरायचा नाही.

जागेचे चार भाग पुरतात. क: छोटा बॉक्स, म्हणजे गोलरेषेपासून साडेपाच मीटर. ख: त्याच्या पुढे तेवढ्याच रुंदीची पट्टी, मोठ्या बॉक्सच्या रेषेपर्यंत, म्हणजे साडेसोळा मीटरपर्यंत. पेनल्टीचा ठिपका, ११ मीटरवरचा, याच पट्टीत येतो. ग: मोठ्या बॉक्सच्या दोन्ही कडा. घ: बॉक्सबाहेरचं सगळं मैदान.

आता वजनं, म्हणजे त्या जागेवरून मारलेल्या शॉटचा गोल होण्याची शक्यता. व्यावसायिक फुटबॉलमध्ये सगळे शॉट एकत्र धरले तर साधारण दहात एक गोल होतो आणि पेनल्टीवर चारात तीनपेक्षा किंचित जास्त. त्या अंदाजाने क ला ०.३५, ख ला ०.१५, ग ला ०.०६, घ ला ०.०३ आणि पेनल्टीला ०.७७ अशी ढोबळ वजनं धरा. हेडर असेल तर त्या जागेचं वजन निम्मं करा.

एक नमुना बघा. आपल्या संघाचे १४ शॉट: क मधून १, ख मधून ४, ग मधून ३, घ मधून ६, सगळे पायाने. बेरीज ०.३५ अधिक ०.६० अधिक ०.१८ अधिक ०.१८, म्हणजे १.३१. समोरच्यांचे फक्त ८ शॉट: क २, ख ३, ग १, घ २. बेरीज ०.७० अधिक ०.४५ अधिक ०.०६ अधिक ०.०६, म्हणजे १.२७. बाकावर बसलेला प्रत्येक जण म्हणेल, 'चौदा-आठ! आपणच खेळलो.' पण संधींची किंमत जवळजवळ सारखीच होती. आपली मुलं लांबून मारत राहिली आणि त्यांना दोनदा गोलपोस्टसमोर मोकळं सोडलं. कोचने पुढच्या आठवड्यात कशावर काम करायचं ते याच कागदावर लिहिलेलं आहे.

कॉलेजच्या स्पर्धेत गोलकीपर कच्चे असतात, त्यामुळे ही वजनं कमी पडतील. मोसमाअखेर स्पर्धेतले प्रत्यक्ष गोल आणि तुमच्या वजनांची बेरीज यांचा भागाकार करा. समजा ५२ गोल झाले आणि बेरीज ४४ आली, तर ५२ भागिले ४४, म्हणजे १.१८. सगळी वजनं १.१८ ने गुणा. तीस-चाळीस गोलांची नोंद होईपर्यंत मात्र वजनांना हात लावू नका.

पहिले तीन सामने दोघींनी एकमेकींचं न बघता स्वतंत्र नोंद करा आणि मग कागद जुळवा. दहातले नऊ शॉट जागेसकट जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर बहुतेक वेळा घोळ ख आणि ग च्या सीमेवर असतो. छोट्या बॉक्सची बाजूची रेषा मनाने पुढे ओढायची सवय लागावी लागते.

स्कोअरचा रकाना का, तर आघाडीवरचा संघ मागे सरकतो आणि पिछाडीवरचा धडाधड शॉट मारतो. ३-० ने हरत असताना मारलेल्या अकरा शॉटवरून संघ आक्रमक होता असं ठरवू नये. बरोबरी किंवा एका गोलाचा फरक असतानाचे शॉट वेगळे मोजा, कोचचा आराखडा तिथे दिसतो.

याच कागदावरून नशीब मोजायचंही एक साधन मिळतं. गोलपोस्टच्या नेमावर असलेल्या आपल्या शॉटपैकी किती टक्के गोल झाले आणि त्यांच्या नेमावरच्या शॉटपैकी आपल्या कीपरने किती टक्के अडवले, या दोन आकड्यांची बेरीज करा. स्वयंगोल वगळले तर सगळ्या स्पर्धेची मिळून ही बेरीज बरोबर १०० येते. समजा आपले नेमावर ४० आणि गोल १६, म्हणजे ४० टक्के. त्यांचे नेमावर ५० आणि गोल १०, म्हणजे ८० टक्के अडवले. बेरीज १२०. कीपर अफाट असेल तर बेरीज १०५ च्या आसपास टिकू शकते, १२० सहसा टिकत नाही. असा मोसम संपल्यावर कोचचा सत्कार जरूर करा, पण पुढच्या वर्षी घसरण झाली तर त्याच कोचवर खापर फोडू नका.

मुलगी अमेरिकेत शिकते. तिच्या विद्यापीठात 'फुटबॉल'च्या कोचबद्दल रोज आकडेवारी छापून येते. ती पद्धत आपल्याकडे चालेल का?
— एक पालक, मुलुंड

त्यांचा फुटबॉल वेगळा: अंडाकृती चेंडू, टचडाउनला ६ गुण, फील्ड गोलला ३. नियमित मोसमात विद्यापीठाचा संघ साधारण १२ सामने खेळतो, म्हणजे कमी सामन्यांची अडचण त्यांनाही आहे. त्यावर त्यांनी जे उपाय काढले ते शिकण्यासारखे आहेत.

एक उपाय बेसबॉलचे अभ्यासक बिल जेम्स यांच्या सूत्रावरून आलेला. केलेले आणि दिलेले गुण यांवरून किती विजय 'यायला हवे होते' ते काढायचं. केलेल्या गुणांच्या घाताला केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या त्याच घातांच्या बेरजेने भागायचं. अमेरिकन फुटबॉलसाठी घातांक २.३७ वापरतात. ३६० गुण केले आणि ३०० दिले तर अपेक्षित विजय सुमारे ६१ टक्के, म्हणजे १२ पैकी ७.३. प्रत्यक्षात १० जिंकले असतील तर जास्तीचे अडीच-तीन विजय अटीतटीच्या सामन्यांतून आलेले असतात, आणि ८ किंवा कमी गुणांच्या फरकाने सुटणारे सामने दरवर्षी जिंकत राहणं फार थोड्या कोचना जमतं. हातातून सुटलेला चेंडू कोणाच्या हाती लागतो हेही बहुतांशी नाणेफेकीसारखंच, तो अंडाकृती चेंडू कुठेही उसळतो.

दुसरा उपाय निर्णय तपासण्याचा. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी २००६ मध्ये व्यावसायिक सामन्यांवरून दाखवलं की दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी चौथ्या प्रयत्नाला कोच गरजेपेक्षा जास्त वेळा चेंडू लाथेने पलीकडे पाठवून देतात, धोका पत्करून पुढे जाणं अनेकदा फायद्याचं असतं. निकाल काहीही लागो, निर्णय चांगला होता की वाईट हे तपासता येतं. हा विचार आपल्याकडे जरूर आणा: बदली खेळाडू कितव्या मिनिटाला आणि कोणत्या स्कोअरला आणला, १-० असताना संघ किती मागे ओढला.

२.३७ चा घातांक मात्र आणू नका. आपल्या फुटबॉलमध्ये गोल कमी आणि बरोबरी भरपूर, ते सूत्र इथे मोडतं. वरच्या उत्तरातला मर्यादा घातलेला गोलफरक आपल्यासाठी पुरेसा आहे.

मोसमाच्या मध्यावर पाच सामने सलग हरल्यावर माजी विद्यार्थ्यांनी दबाव आणून कोच बदलायला लावला. नव्या कोचने पुढच्या पाचपैकी तीन जिंकले. यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा?
— एक माजी खेळाडू, परळ

दादा, हा पुरावा जेवढा भक्कम दिसतो तेवढाच पोकळ आहे. कोच कधी बदलला जातो? संघ आपल्या नेहमीच्या पातळीच्या खूप खाली असतो तेव्हा. पाच सलग पराभवांत संघाचा कमकुवतपणा असतो आणि वाईट नशीबही असतं: पोस्टला लागलेले शॉट, दुखावलेला स्ट्रायकर, सलग तीन तगडे प्रतिस्पर्धी. नशिबाचा भाग पुढच्या पाच सामन्यांत तसाच राहत नाही. जुना कोच राहिला असता तरी निकाल वर आलेच असते, आणि श्रेय मात्र ज्याच्या हातात शिट्टी होती त्याला मिळतं.

डच लीगच्या १९८६ ते २००४ या मोसमांवर अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी हेच तपासलं. कोच काढलेले संघ एका बाजूला आणि तेवढीच घसरण होऊनही कोच ठेवलेले संघ दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडचे संघ सावरले. अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर १९९७ ते २०१० च्या आकड्यांवरून असाच अभ्यास झाला आहे: तळाच्या संघांना कोच बदलून फारसा फायदा झाला नाही, आणि मधल्या पातळीच्या संघांनी कोच बदलला तर पुढची काही वर्षं ते कोच ठेवणाऱ्या तशाच संघांच्या मागे पडले.

तुमच्याच स्पर्धेत तपासायचं असेल तर गेल्या पाच-सात वर्षांत सलग चार-पाच सामने हरलेले सगळे संघ शोधा, कोच बदललेले आणि न बदललेले असे दोन गट करा, आणि पुढच्या पाच सामन्यांचे सरासरी गुण लिहा. एकाच संघाची आधी-नंतर तुलना करू नका. कोच मुलांशी वाईट वागत असेल, प्रॅक्टिसला येत नसेल, तर ते बदलायचं पुरेसं कारण आहे आणि त्यासाठी आकड्यांची वाट बघायची गरजही नाही.

पावसात चिखलातले सामने आणि कूपरेजच्या कृत्रिम गवतावरचे सामने वेगवेगळे मोजावेत का?
— एक वाचक, गिरगाव

नको. १४ सामन्यांचे सात-सात केले की दोन्हीकडे काहीच उरत नाही. तक्त्यात मैदानाचा रकाना ठेवा. तीन वर्षांनी चाळीस-पन्नास सामने जमले की मग बघा.

गेल्या वर्षी आमचे सात टी.वाय.चे खेळाडू एकदम बाहेर पडले. यंदा एफ.वाय.ची पोरं खेळवून कोच सर गटात तिसरे आले. त्यांच्यावर टीका होते आहे. संघ कच्चा होता हे आकड्यात मांडता येईल?
— जिमखाना सचिव, दादर

येईल, आणि मांडायलाच हवं. व्यावसायिक क्लब खेळाडू विकत घेतो, कॉलेजच्या कोचला प्रवेशयादीत जे मिळतील ते घ्यावे लागतात. दर तीन वर्षांनी सगळा संघ बदलतो, त्यामुळे ही दुरुस्ती केल्याशिवाय कॉलेजमधल्या दोन मोसमांची तुलना अन्यायाची होते.

मोजायचं ते 'परतलेली मिनिटं'. ९० मिनिटांच्या एका सामन्यात अकरा जणांची मिळून ९९० मिनिटं, १४ सामन्यांत १३,८६०. सामने ७० मिनिटांचे असतील तर तसा हिशेब करा. गेल्या मोसमात प्रत्येकाने किती मिनिटं खेळली ते लिहा आणि यंदा संघात असलेल्यांच्या मिनिटांची बेरीज करा. ती ५,२०० आली तर परतलेली मिनिटं ३७.५ टक्के. नुसते 'सात गेले' म्हणण्यापेक्षा हे चांगलं, कारण बाकावरचे सात जाणं आणि खेळणारे सात जाणं यात फार फरक आहे. गोलकीपर आणि मधला बचावपटू परतला की नाही हे शेजारी वेगळं लिहा.

मग स्पर्धेतल्या जितक्या कॉलेजांची माहिती मिळेल तितक्यांचा एक आलेख काढा: आडव्या अक्षावर परतलेली मिनिटं, उभ्या अक्षावर प्रतिस्पर्ध्यांचं वजन लावलेला गोलफरक. ठिपक्यांमधून पट्टीने एक रेषा ओढा. तुमचा ठिपका रेषेच्या वर असेल तर सरांनी हाती आलेल्या मुलांकडून अपेक्षेपेक्षा जास्त काढलं आहे. दहा-बारा ठिपक्यांच्या आलेखावर फार भार टाकू नका, पण 'तिसरा क्रमांक' या शब्दांपेक्षा तो कितीतरी न्याय्य आहे.

एक सावधगिरी. मुलं पदवी पूर्ण करून गेली की कोचला कंटाळून संघ सोडून गेली, हे वेगळं नोंदवा. दुसऱ्या कारणाने गेलेली मिनिटं कोचच्या बाजूने धरायची नसतात.

मी स्वतः एका कॉलेजचा कोच आहे. वर्षाअखेर समितीपुढे उभं राहायचं असतं. निकालांखेरीज काय नोंदवून ठेवू?
— अंधेरी

सर, निकाल थोडेच तुमच्या हातात असतात. जे पूर्ण हातात असतं त्याची वही ठेवा.

सगळ्यात आधी दुखापती. नुसती संख्या लिहू नका, हजार तासांमागे दर काढा. २२ मुलं, दीड तासाची ६० प्रॅक्टिस सत्रं, म्हणजे १,९८० तास. १४ सामन्यांत अकरा जणांचे दीड तास, म्हणजे २३१. एकूण २,२११. एक तरी सराव किंवा सामना चुकवायला लावणाऱ्या दुखापती ९ झाल्या तर दर ४.१. सामन्यांतला दर सरावापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून दोन्ही वेगळेही लिहा. सरावातला दर चढत असेल तर भार तपासा: प्रत्येक सत्रानंतर अर्ध्या तासाने मुलांना मेहनत ० ते १० मध्ये विचारा आणि सत्राच्या मिनिटांनी गुणा. ९० मिनिटं गुणिले ६, म्हणजे ५४०. आठवड्याची बेरीज एकदम दीडपट झाली की पुढच्या आठवड्यात हात आखडा. परीक्षा संपून मुलं परतल्यावर हीच चूक सर्रास होते. दोन आठवडे घरी बसलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी पूर्ण भार दिला जातो आणि मांडीचा मागचा स्नायू जातो.

दुसरं, कॉर्नर आणि फ्री किक. इथे सरावाचा परिणाम सगळ्यात लवकर दिसतो. किती मिळाले आणि त्यातून किती शॉट झाले हे लिहा. गोल मोजू नका, ते फार थोडे असतात. मोसमाच्या पहिल्या निम्म्यात दर दहा कॉर्नरमागे दोन शॉट होते आणि दुसऱ्या निम्म्यात साडेतीन झाले, तर ते समितीला दाखवा. समोरच्या संघांना तुम्ही किती शॉट करू दिले तेही त्याच पानावर.

तिसरं, शेवटच्या वीस मिनिटांतले शॉट, केलेले आणि दिलेले. दिलेले वाढत असतील तर तंदुरुस्ती कमी पडते आहे किंवा बदली खेळाडू उशिरा येत आहेत. बदलीची मिनिटं शेजारी लिहिली की दोन्हीपैकी काय ते समजतं.

हजेरीही लिहा, मुलाच्या नावासकट, कारणासकट. लेक्चर, लोकल, आजारपण, कंटाळा. समितीला ते पान दाखवताना नावं झाका, आणि मोसम सुरू होण्यापूर्वीच त्यांच्याकडून लेखी घ्या की वर्षाअखेर कोणते चार आकडे बघितले जातील. पराभवानंतर काढलेला चांगला आकडा सबबीसारखा ऐकू येतो, जुलैत ठरलेला तोच आकडा ऐकून घेतला जातो.